गेल्या सात दिवसांत एखादा तास तरी

दाराची बेल वाजली तेव्हा मी आतल्या खोलीत होते. माझी नोकरी सुटून चार महिने झाले होते. 'सोडली' असं मी लोकांना सांगत असे. खरं म्हणजे करार संपला आणि नवा कुणी पुढे केला नाही. त्या चार महिन्यांत एक शहाणपण आलं होतं: बेल वाजली की आपण आत असावं. आलेला माणूस कोणीही असो, त्याचं तिसरं वाक्य 'मग सध्या काय चाललंय?' हेच असतं.

बाबांनी दार उघडलं. रोजगाराच्या पाहणीसाठी एक तरुण आला होता. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट, आवाज दमलेला. घरात माणसं किती, वयं काय, शिकलंय कोण किती. बाबा खुशीत उत्तरं देत होते. निवृत्त माणसाला कुणी माहिती विचारली की बरं वाटतं. मग माझी पाळी आली.

"मुलगी काय करते?"

"सध्या घरीच असते."

"काका, गेल्या सात दिवसांत त्यांनी पैशासाठी एखादा तास तरी काही काम केलं का?"

"छे, छे."

बाबा दोनदा 'छे' म्हणाले आणि मी आत चपापले. कारण मंगळवारी मी एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाचं मुद्रितशोधन केलं होतं. दोन तास. पैसे मिळाले होते, सांगण्यासारखे नव्हते, पण मिळाले होते. बाबांना हे ठाऊक होतं. ते त्याला काम म्हणत नव्हते इतकंच. खरं सांगायचं तर मीही म्हणत नव्हते. पण 'एखादा तास तरी' हे शब्द असे होते की गप्प राहिले असते तर खोटं बोलल्यासारखं झालं असतं. मी दारात आले आणि म्हणाले, "दोन तास केलंय."

त्याने पडद्यावर बोट टेकवलं आणि मी बेरोजगार राहिले नाही.

त्या आठवड्यात मी पाच ठिकाणी अर्ज धाडले होते. एका ठिकाणाहून नकार आला होता, बाकीचे चार गप्प होते. त्याने पुढे विचारलं, "ताई, अजून काम मिळालं असतं तर केलं असतं का?" मी म्हटलं, "केलं असतं." तीही नोंद झाली. पण ती बाजूच्या खान्यात. मुख्य खान्यात मी आता त्या लोकांच्या शेजारी बसले होते, जे सकाळी नऊला निघतात आणि रात्री आठला परततात.

तो गेल्यावर मला राग आला. चार महिने ज्या शब्दाखाली मी दबून होते, तो शब्द माझ्यावरून उचलून नेला होता, आणि हातात काहीच दिलं नव्हतं. त्या रागातूनच मी या मोजणीच्या मागे लागले.

आधी कळली ती चाळण्यांची रीत. जवळपास जगभर ती एकच आहे. पहिली चाळणी: ठरलेल्या आठवड्यात पैशासाठी किंवा नफ्यासाठी एक तास तरी काम केलं? केलं असेल तर रोजगारात. केलं नसेल पण नोकरी आहे, नुसती रजा किंवा आजारपण आहे, तरीही रोजगारात. यातून जे खाली पडतात त्यांच्यासाठी दुसरी चाळणी: काम शोधलं का, आणि मिळालं असतं तर लगेच रुजू होता आलं असतं का? दोन्हींना हो, तर बेरोजगार. उरलेले सगळे श्रमशक्तीच्या बाहेर: विद्यार्थी, घर सांभाळणाऱ्या, म्हातारे, आजारी, आणि शोधून शोधून थकलेले. चाळण्यांचा क्रम बदलत नाही. पहिल्या चाळणीत अडकलेल्याला दुसरी लागू होत नाही, म्हणून माझे पाच अर्ज वाया गेले. अर्जांच्या दृष्टीने ते तसेही वायाच गेले होते म्हणा.

एक तास हा निकष कुणा एका देशाचा कावा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या श्रमसांख्यिकी परिषदेने १९८२ साली तो ठरावात लिहिला. मला वाटलं होतं, बेरोजगारी कमी दिसावी म्हणून ही युक्ती असेल. पण त्यामागचा विचार हिशेबनिसाचा आहे. देशाच्या उत्पन्नात जे काही मोजलं जातं ते कुणाच्या तरी श्रमातून येतं. माझ्या दोन तासांचे पैसे उत्पन्नात धरायचे आणि ते दोन तास करणारी मात्र रोजगारात नाही म्हणायचं, तर दोन वह्या जुळणार नाहीत. शिवाय बेरोजगारीची व्याख्या 'कामाचा पूर्ण अभाव' अशी ठेवली की तिची हद्द स्वच्छ राहते. तासाऐवजी दहा तास धरले असते, तर नऊ तासवाल्याचं काय, हा वाद कायमचा उरला असता. म्हणजे निकष निर्बुद्ध नाही. फक्त तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो माझा प्रश्न नव्हता. माझा प्रश्न होता, 'यावर भागतं का?' आणि तो त्या रकान्यात कुणी विचारलेलाच नाही.

जास्त काम हवं असलेल्यांसाठी निराळं माप आहे, 'अपुरा रोजगार' म्हणून. माझी बाजूची नोंद बहुधा तिथे गेली असावी. २०१३ साली याच परिषदेने सांगितलं की नुसत्या बेरोजगारीच्या दरावर थांबू नका. अपुरं काम असलेले आणि काम हवं असूनही न शोधणारे किंवा लगेच येऊ न शकणारे, यांची मापंही सोबत द्या. देश ती देतातही. पण मथळ्यात जागा एकाच आकड्याला असते.

त्या एका आकड्यात एक गंमत आहे. कागदावर मांडून पाहीपर्यंत माझा तिच्यावर विश्वास बसला नव्हता. समजा शंभर प्रौढ माणसं आहेत. ५७ कामावर, ३ काम शोधताहेत, ४० बाहेर. बेरोजगारीचा दर काढताना भागायचं ते शंभराने नाही, श्रमशक्तीने, म्हणजे ६० ने. दर झाला ५ टक्के. आता त्या तिघांतला एकजण कंटाळला. त्याने शोधणं सोडलं. नोकऱ्या तेवढ्याच, एकालाही काम लागलं नाही. पण आता २ भागिले ५९, म्हणजे ३.४ टक्के. एका माणसाने हाय खाल्ली आणि परिस्थिती सुधारली! उलटंही होतं. बरे दिवस येताहेत असं वाटलं की घरी बसलेले पुन्हा अर्ज करू लागतात, आणि दर वर चढतो. म्हणून जाणकार नुसत्या बेरोजगारीच्या दरावर थांबत नाहीत. प्रौढांपैकी किती टक्के लोक प्रत्यक्ष कामावर आहेत तेही बघतात. आमच्या शंभरांत ते दोन्ही वेळा ५७ च आहेत.

तिसऱ्या महिन्यात मीही असा एक पंधरवडा घालवला होता. एकही अर्ज नाही. त्या पंधरवड्यात कुणी या चाळण्या लावल्या असत्या तर मी बेरोजगारही नसते. मी कुणीच नसते.

'बेकार' हा आमचा शब्द तसा वाईटच. ज्याला काम नाही तो, आणि जे टाकाऊ ते, दोघांना एकच. सिनेमा बेकार असतो, तसा माणूस बेकार असतो. 'घरी बसलाय' म्हणताना आपण तो बसलेला असतो का ते बघत नाही. 'उद्योग' हा शब्द तर धडधडीत दुतोंडी: उद्योगी माणूस कौतुकाचा, आणि 'काय उद्योग करून ठेवलेस?' हे रागावणं. पगारावर दुसऱ्याची फरशी पुसणारीला आपण 'कामवाली' म्हणतो, तिच्या नावातच काम आहे. आणि तीच फरशी स्वतःच्या घरात पुसणारीबद्दल 'ती काही करत नाही, घरीच असते' असं सहज बोलून जातो. सांख्यिकीला नावं ठेवण्याआधी हे आठवायला हवं. तिच्या व्याख्या बऱ्याचशा अशा आपल्या बोलण्यातूनच उचललेल्या असतात.

ही मोजणी मुळात सुरू का झाली, तर कुणालाच काही माहीत नव्हतं म्हणून. १९३० च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकेत लोक रांगा लावून उभे होते, आणि किती लोकांचं काम गेलंय याचा भरवशाचा आकडा सरकारकडे नव्हता. अंदाज होते, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. १९३७ च्या नोव्हेंबरात एक प्रयोग झाला. टपालाने घरोघरी कार्ड वाटली: काम नसेल तर भरून परत पाठवा. सुमारे ७८ लाख कार्ड आली. त्याच वेळी काही थोड्या टपालमार्गांवर पोस्टमननी दारोदार जाऊन प्रत्येकालाच विचारलं. त्या नमुन्यावरून अंदाज निघाला सुमारे १ कोटी १० लाखांचा. मधले तीसेक लाख लोक काम नसतानाही कार्ड न भरता बसले होते.

या तीस लाखांचा मी बराच विचार केला आहे. कार्ड आलं, टेबलावर राहिलं. 'मी बेरोजगार आहे' असं आपल्या हाताने लिहून, सही करून, पेटीत टाकायचं. मी टाकलं असतं? मला तर बेल वाजली की आत जावंसं वाटत होतं.

त्या पडताळणीने एक गोष्ट मात्र पक्की केली. सगळ्यांना कार्ड धाडण्यापेक्षा थोड्यांच्या दारात नीट जाऊन विचारलेलं बरं. १९४० पासून तिथे दर महिन्याला घरोघरची नमुना पाहणी सुरू झाली, आणि ती आजही चालते, महिन्याला साधारण ६० हजार घरांत. इतक्या मोठ्या देशासाठी ६० हजार थोडी वाटतात, पण नीट निवडली तर पुरतात. फक्त एक लक्षात ठेवायचं: दर ४.१ वरून ४.२ झाला तर तो एक दशांश बहुधा नमुन्याच्या थरथरीतला असतो. त्या दशांशावर टीव्हीवर अर्धा तास चर्चा होते, तो अर्धा तासही कुणाच्या तरी रोजगारात मोजला जातो.

दारात जायचं नसेल तर कागदावरून मोजता येतं, आणि ते स्वस्तही पडतं. बेकारभत्ता घेणारे किती? ब्रिटनने बरीच वर्षं तसा आकडा वापरला. १९८० च्या दशकात भत्त्याचे नियम पुन्हा पुन्हा बदलले, आणि एकही नवी नोकरी न निघता यादी आखडली. कंपन्यांच्या पगारपत्रकांवरूनही मोजतात. पण तिथे नोकऱ्या मोजल्या जातात, माणसं नाहीत. दोन ठिकाणी राबणारा तिथे दोनदा येतो, आणि माझ्यासारखी मुद्रितं तपासणारी एकदाही येत नाही.

पुन्हा दाराकडे येते. कारण सगळा खेळ दारात विचारलेल्या वाक्याचा आहे.

अमेरिकेच्या त्या पाहणीत १९९४ पर्यंत पहिला प्रश्न साधारण असा असे: गेल्या आठवड्यात तुमचा बहुतेक वेळ कशात गेला, काम करण्यात, घर सांभाळण्यात, शाळा-कॉलेजात की आणखी कशात? दार उघडणाऱ्याकडे बघून प्रश्नाचा मोहरा फिरवण्याची मुभा विचारणाऱ्याला होती. दारात पुरुष दिसला तर 'काम करण्यात का?' दारात बाई दिसली तर 'घर सांभाळण्यात का?' आता, ज्या बाईने आठवड्यात दहा तास कुणाचे हिशेब लिहून दिले आणि बाकी सगळा वेळ घराला दिला, ती या दुसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हणणारच. खोटं ती बोललीच नाही, विचारणाराही लबाड नव्हता. १९९४ साली प्रश्न बदलला. पैशासाठी किंवा नफ्यासाठी काही काम केलंत का, असं सगळ्यांना सारखंच विचारायचं ठरलं. नव्या प्रश्नावलीला आधीपेक्षा जास्त बायका कामावर सापडल्या. त्या आदल्या दिवशीही कामावर जातच होत्या.

आणि विचारायचं कुणाला? माझ्याबद्दल बाबांना विचारलं, तसं बऱ्याच पाहण्यांत घरातल्या एकालाच सगळ्यांचं विचारतात. सगळ्यांना गाठायचं तर चार खेपा होतात. टांझानियात यावर एक प्रयोग झाला. काही घरांत ज्याचं त्याला विचारलं, काही घरांत दुसऱ्याला. माझी पैज होती की दुसऱ्याला विचारलं की बायकांचं काम गळत असणार. झालं उलटंच. गळलं ते पुरुषांचं काम, त्यातही शेतातलं. बायकांच्या आकड्यात मात्र फरक पडला प्रश्नावली तोकडी केली तेव्हा: नेमके, खोदून विचारलेले प्रश्न काढून टाकले की त्या कमी दिसू लागल्या. बाबांना दोष देणं त्या दिवसापासून मी थोडं कमी केलं. बाबा असोत की मी, सर्वसाधारण प्रश्नाला सर्वसाधारण उत्तर देतो. 'काय करते?' याचं उत्तर 'घरी असते'. 'मंगळवारी दोन तास काय केलं?' याचं उत्तर निराळं.

आठवड्याची पट्टीही सगळ्यांना बसत नाही. महिन्याच्या पगारावर असणाऱ्याचा हा आठवडा आणि पुढचा आठवडा सारखाच. शेतमजुराचं तसं नाही. भारतात १९७० साली प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने म्हटलं की जिथे बहुतेक लोक आपल्याच शेतात-धंद्यात किंवा रोजंदारीवर आहेत, तिथे बेरोजगारीचा एकच आकडा काढण्यात अर्थ नाही. त्यानंतर १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून तीन पट्ट्या आल्या: वर्षाची, आठवड्याची, दिवसाची. दिवसाचेही दोन अर्धे केले, म्हणजे आठवड्याचे चौदा तुकडे. एकच माणूस घ्या. वर्षातला जास्त काळ मजुरी करतो, म्हणून वर्षाच्या पट्टीवर रोजगारात. गेल्या आठवड्यात तीन दिवस काम लागलं, म्हणून आठवड्याच्या पट्टीवरही रोजगारात. पण चौदापैकी सहा तुकडे कामाचे आणि आठ तुकडे नाक्यावर उभं राहण्याचे. दिवसाच्या पट्टीवर तो अर्ध्याहून अधिक बेरोजगार आहे. मला ही तिसरी पट्टी फार आवडते. ती माणसाला एका खान्यात कोंबत नाही, त्याचा आठवडा उलगडून बघते. पण ती वेळखाऊ, म्हणून महाग. २०१७ पासूनच्या नव्या पाहणीत ठळकपणे दिसतात त्या वर्षाच्या आणि आठवड्याच्या पट्ट्या.

या पाहणीत प्रत्येक स्थितीला एक आकडी खूण असते. ३१ म्हणजे नियमित पगारी. ८१ म्हणजे काम नाही पण हवंय. ११ म्हणजे स्वतःचा धंदा, हाताखाली कुणी नाही. ९२ म्हणजे फक्त घरकाम. आणि ९३ म्हणजे घरकाम, शिवाय घरच्या वापरासाठी शिवणं, विणणं, जळण गोळा करणं वगैरे. ९२ आणि ९३ दोन्ही श्रमशक्तीच्या बाहेर. ११ आत.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बाजूच्या खोलीत आईचं मशीन चालू होतं. आई आयुष्यभर शिवत आली. मला शाळेचे कपडे, बाबांचे सदरे आखूड करणं, उशांचे अभ्रे: ९३. शेजारच्या मुलीचा फ्रॉक, पैसे घेऊन: ११. मशीन तेच, पाय तोच, टाका तोच. कापड कुणाचं यावर ती अर्थव्यवस्थेच्या आत-बाहेर करत होती, कधी एकाच दुपारी दोनदा. आधी मला हे हास्यास्पद वाटलं. पण रेघ कुठेतरी मारावीच लागते, आणि २०१३ च्या ठरावाने ती आणखी स्पष्ट मारली. त्यात 'काम' हा शब्द ऐसपैस केला: स्वतःसाठी किंवा दुसऱ्यासाठी वस्तू वा सेवा निर्माण करणारं काहीही, म्हणजे पाणी भरणं, मुलं सांभाळणं, उसवलेलं शिवणं, सगळं काम. आणि 'रोजगार' हा शब्द आखूड केला: त्यातलं फक्त पैसे वा नफा यांसाठी केलेलं. आईला कामाचा मान मिळाला, त्याच फटक्यात घरच्यापुरतं पिकवून खाणारे शेतकरी रोजगाराबाहेर गेले. जुन्या व्याख्येत ते रोजगारात धरले जात. असे शेतकरी फार असलेल्या ज्या देशांनी नवी व्याख्या घेतली, तिथे रोजगाराचा आकडा खाली आला. शेतं होती तिथेच होती.

ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावची गोष्ट इथे आठवते. महामंदीच्या सुरुवातीला तिथली कापडगिरणी बंद पडली आणि गावच्या गाव बेकार झालं. १९३१-३२ मध्ये मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड, हान्स झाइझेल हे संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी त्या गावाचा अभ्यास केला. त्यांनी जेवढं मोजता येईल तेवढं मोजलं. रस्त्यावरून लोक किती वेगाने चालतात, किती वेळा थांबतात, हेसुद्धा मोजलं. पुरुष सावकाश चालत, थांबत, पुन्हा थांबत. बायका चालत राहत. पुरुषांना दिवसाचं टिपण लिहायला दिलं तर सकाळ आणि दुपारच्या मध्ये काय केलं ते सांगता येईना. बायकांना वेळ पुरत नव्हता. गिरणी दोघांचीही सुटली होती, पण घर कुणाचंच बंद पडलं नव्हतं. नोंदवहीत दोघेही बेकार. रस्त्यावर मात्र फरक डोळ्यांना दिसत होता.

त्या चार महिन्यांत मी कशी चालत होते, ते मला आठवतं. सावकाश. माझ्या वाटणीचं घर आई चालवत होती.

व्याख्या कितीही पक्क्या केल्या तरी जग मध्येच असं काही करतं की त्या बावचळतात. २०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत कोट्यवधी लोक घरी बसले. दुकानं बंद, पगार बंद, पण मालक म्हणतोय, उघडलं की या. यांना 'तात्पुरते कामावरून कमी केलेले' म्हणून बेरोजगारांत धरा, अशी सूचना विचारणाऱ्यांना होती. तरी बऱ्याच जणांची नोंद 'नोकरी आहे, इतर कारणाने गैरहजर' अशी पडली. आठवतं ना, रजेवरचा माणूस पहिल्याच चाळणीत अडकतो. जाहीर झालेला दर होता १४.७ टक्के. ही चूक धरली तर तो जवळपास पाच टक्केबिंदूंनी जास्त निघेल, असं मोजणाऱ्या खात्याने स्वतःच त्याच अहवालात लिहिलं. आणि तरीही नोंदी बदलल्या नाहीत. उत्तर जसं नोंदलं गेलं तसंच ठेवायचं, मागाहून आपल्या मनाने दुरुस्त करायचं नाही, हा त्यांचा जुना नेम. मला ते वाचून मोजणाऱ्यांबद्दल आदर वाटला. आकडा चुकलाय हे माहीत असून तो चुकीसकट मांडायचा आणि चूक किती ते शेजारीच लिहायचं, हे सोपं नाही.

त्यांची खरी धास्ती आता वेगळी आहे: दार उघडतच नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात ब्रिटनला आपल्या श्रमशक्ती पाहणीचे नेहमीचे आकडे थांबवावे लागले, कारण उत्तर देणारेच फार कमी उरले होते. बेल वाजली की आत जाणारी मी एकटी नाही, असं दिसतं.

तीन महिन्यांनी तो तरुण परत आला. अशा पाहण्यांत त्याच घरी पुन्हा पुन्हा येतात. घर तेच ठेवलं की झालेला बदल खरा की नमुन्याचा ते कळतं. मला तोवर अर्धवेळ काम लागलं होतं. या वेळी दार मीच उघडलं आणि माझं सगळं तासांसकट सांगितलं. त्याने भराभर टिपून घेतलं. मग तो बाबांकडे वळला, आणि आईबद्दल गेल्या खेपेचंच उत्तर पुढे न्यायच्या बेतात होता.

"आईला विचारा की," मी म्हटलं. "घरातच आहे."

आई बाहेर आली. हातात कात्री, बोटाला अंगुस्तान.

"काकू, गेल्या सात दिवसांत पैशासाठी एखादा तास तरी काही काम केलंत?"

"मी कुठलं काम करणार? घरचंच."

"शिवणाचे पैसे घेता ना?"

"घेते की. पण ते काय, येता-जाता."

"चालेल, येता-जाता चालेल." तो पहिल्यांदाच हसला. "सोमवारी किती तास झाले असतील?"

आईने तास कधी मोजलेच नव्हते. ती विचार करून म्हणाली, "सोमवारी दोन फ्रॉक आणि एक चेन बदलली."

टॅबलेटमध्ये फ्रॉक भरायला जागा नव्हती. त्याने क्षणभर बोट अधांतरी धरलं.

"एका फ्रॉकला किती वेळ लागतो, काकू?"

"मध्ये कुणी हाक मारली नाही तर?"